बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

कुसाबाई आली ती उंबऱ्यावरच भांडली.

"ही बाळंतिणीची खोली व्हय? वर स्लॅब, बाजूला सरकत्या काचा. ऊब धरंल कुठं?"

कुसाबाई म्हणजे जीवनची सख्खी आत्या. जीवनची आई कधीच गेलेली. सुनेचं, रूपालीचं, माहेर वणीला. पण तिथंही आई नव्हती. मग पहिलं बाळंतपण करायला कुसाबाईशिवाय कोण होतं? हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती ते कुणाला विसरू देत नव्हती.

मखमलाबादच्या मळ्यात जीवन-रूपालीने जुनं कौलारू घर पाडून त्याच वर्षी नवं बांधलं होतं. २००७ साल सरत आलेलं. सकाळी हौदाच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नव्हती. सिलिंडरसाठी नंबर लावून थकलेल्या जीवनने दिवाळीत गोळ्यांची शेगडी आणली होती. स्टीलचा डबा, त्यात चार्जिंगवर फिरणारा बारकासा पंखा, आणि जाळायला चिपाडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बोटाएवढ्या गोळ्या.

पुढचं भांडण जळणावरून झालं. कुसाबाईने शेजारच्या बागेतून छाटणीच्या द्राक्षकाड्यांचा भारा आणून टाकला.

"फुकटचं जळान सोडून पोत्यातलं काय घालायचं?"

"त्या काड्यांवर वर्षभर औषधाचे फवारे बसलेत, आत्याबाई. तो धूर बाळाच्या नाकात जाईल."

"तुझा नवरा अशाच धुरात वाढला. मेला का?"

"गोळ्याच घालायच्या," रूपाली म्हणाली. "त्याही कोरड्या. यांना धूरच नसतो."

कुसाबाईने भारा लाथेने कोपऱ्यात सारला. रूपाली जिंकली. लेकीचं इवलं नाक तिने पदराने टिपलं आणि मनातल्या मनात तिला सांगितलं, बघ, आई आहे तुझी, भांडणारी आहे.

दुसऱ्या दिवशी जीवन भाजी घेऊन मार्केटला गेला. बाळाला न्हाऊ घालून झालं. मायलेकींना शेक द्यायला कुसाबाईने ओट्यावर पेटलेली शेगडी पकडीने उचलून थेट खाटेजवळ आणून ठेवली. खिडकीच्या काचा ओढल्या, फटीत गोधडी कोंबली, दाराला आतून कडी घातली. ज्वाळा बसल्या, लालभडक निखारा उरला. पंखा तेवढा घूं घूं करत होता.

"हा वारा कसला? ओल्या बाळंतिणीला वारा?" तिने खटका दाबून पंखा बंद केला.

"आत्याबाई, तो बंद नका करू! शेगडी विकणाऱ्याने दाखवलंय ना, ही उघड्यावर लावायची. आत आणायची नाही. निदान दार तरी…"

"धूर नसतो म्हनलं कोन? तूच ना? मग आता दार कशाला पायजे?"

रूपालीचेच शब्द तिच्या तोंडावर आपटले होते. आणि खरंच, डोळ्याला धूर दिसत नव्हता, नाकाला वास नव्हता. खोली छान उबली होती.

निखाऱ्यावर ओवा टाकत कुसाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "आई असती तर शिकवलं असतं, शेक कसा घ्यायचा. पाय लांब कर. पोरीची टाळू झाक. आमी चार चार बाळंतपनं काढली, कडी घालून. तुमाला समदं मशीन सांगतंय."

आईचं नाव निघालं तशी रूपालीच्या कपाळात ठणका सुरू झाला. राग, तिला वाटलं. रागानेच डोकं उठलंय. जुन्या घरातही असाच शेक दिला जायचा, पण तिथे कौलांतून आभाळ दिसायचं, हे त्या खोलीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

अंगावर पिणाऱ्या बाळाने चोखणं थांबवलं. झोपली असेल. पण ओठ सैल पडले होते, मूठही सैल.

"आत्याबाई?"

उत्तर नाही. कुसाबाई भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला, हातातला ओवा मांडीवर सांडलेला. ही बाई आणि गप्प?

रूपाली उठली ती गुडघ्यांवर कोसळली. टाके ओढले गेले. लेकीला छातीशी घट्ट धरून ती फरशीवरून दारापर्यंत सरकली, कडी काढली आणि ओट्यावर जाऊन पडली. गार वारा तोंडावर आला. बाळ हलेना. ती तळवे चोळत राहिली, कानाशी बडबडत राहिली, "माझे बाई, माझे सोने, रड गं, एकदा रड." आणि लेक रडली. आधी मांजरीच्या पिल्लासारखी, मग गळा काढून.

कुसाबाई आत होती. राहू दे तिला तिच्या उबेत, असं रूपालीच्या मनात येऊन गेलं. मग तिने बाळाला ओट्यावर गोधडीत ठेवलं, श्वास धरला आणि आत जाऊन त्या जड बाईला काखेत धरून फरफटत बाहेर आणलं.

"निखाऱ्याचा वायू कोंडला," शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले. "दिसत नाही, वास येत नाही. थोडा उशीर झाला असता तर तिघीही गेल्या असत्या."

कुसाबाई दोन दिवस सलाईनवर राहून परतली. येताच अंगणात जमलेल्या बायकांना सांगू लागली, "दृष्ट लागली, दुसरं काय! अन् ही बया पोरीला घेऊन वाऱ्यात बसली. नखात वारं शिरंल, मग कळंल." मग खोलीत येऊन म्हणाली, "शेगडी नको तर नको. पण दार लाव."

रूपालीने खाट ओढून दारातच लावली. कडी लागूच शकत नव्हती.

"लोक काय म्हनतील?"

"म्हणू द्या. शेक द्यायचा तर ओट्यावर द्या, पंखा चालू ठेवून. नाहीतर तुम्ही गावाला जा, आत्याबाई."

"हाकलती व्हय मला? आईविना पोरगी, कोन करनार तुझं?"

"मी करीन."

कुसाबाई खरंच गेली. जीवन तिला स्टँडवर सोडून आला, आणि दिवसभर घरात न येता मळ्यातच राबत राहिला.

सकाळी उन्हं ओट्यावर आली तेव्हा रूपालीने पाय लांब करून लेकीला पायांवर उताणं घेतलं. एकटीने न्हाऊ घालायची पहिलीच वेळ. पाणी कधी जास्त गरम वाटायचं, कधी गार. लेक लालेलाल होऊन किंचाळत होती, शेजारच्या मळ्यापर्यंत आवाज जात असेल. रूपालीने तिला उगी केलं नाही. तांब्यातलं पाणी हळूहळू सोडत ती ऐकत राहिली.