सरजाबाईंच्या गळ्यातली वीणा

मी एक जुनी वीणा आहे. ताडकळसजवळच्या एका गावाचा दरवर्षीचा भक्तिसेवा पुरस्कार म्हणजे मीच. हरिनाम सप्ताह संपला, की ज्याने देवाची मोठी सेवा केली त्याच्या गळ्यात मला घालतात आणि वर्षभर त्याच्या घरी पाठवतात. मित्रांनो, मग थोडा तोरा असणारच ना?

मिरजेच्या कारागिराने मला मन लावून घडवलं. गावात आल्यावर कीर्तनकारांनी, देणगीदारांनी मला मिरवलं. पण एका सत्कारमूर्तींनी मला टीव्हीच्या वर टांगलं ते टांगलंच. उंदराने माझा गोंडा कुरतडला, तरी कुणाला पत्ता नाही. फार वाईट वाटलं.

सप्ताहात मात्र माझा थाट वेगळा. सात दिवस मला जमिनीला टेकवत नाहीत. टेकवलं तर सप्ताह मोडला. पहारेकरी मला गळ्यात घालून उभा राहतो आणि पुढचा आला, की त्याच्या गळ्यात देतो. पहाऱ्याची नावं देवळातल्या फळ्यावर लिहितात. सगळी पुरुषांची.

यंदा पाचव्या दिवशी दुपारी पुरुषमंडळी आठवडी बाजाराला गेली. पुढचा पहारेकरी बन्सीधरही तिकडेच अडकला. म्हातारे दिनकरराव, सगळ्यांचे तात्या, मला गळ्यात घेऊन दोन तास जास्त उभे होते. त्यांचे पाय लटपटू लागले.

सव्वीस वर्षं पंगतीचे गहू निवडणाऱ्या सरजाबाई सूप ठेवून उठल्या.

"तात्या, द्या इकडं."

"बायांला पहारा न्हाई देत, सरजाबाई."

"मग खाली ठेवायलाव का तिला?"

दिनकररावांनी मला सरजाबाईंच्या गळ्यात घातलं आणि त्यांच्या पाया पडले. सरजाबाई दिवेलागणीपर्यंत नाम घेत उभ्या राहिल्या. सप्ताह अखंड राहिला!

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी पुरस्काराला त्यांचंच नाव पुकारलं. त्या पुढे आल्या, पण मान वाकवली नाही.

"आधी फळ्यावर बायांची नावं लिवा. मग घाला."

दिनकररावांनी खडू उचलला आणि पुढच्या सप्ताहासाठी अकरा नावं लिहिली. त्यानंतर सरजाबाईंच्या गळ्यात पडताना मला जो आनंद झाला, तो आजवर कधीच झाला नव्हता.

सध्या मी त्यांच्या ओसरीवर असते. रोज दुपारी गल्लीतल्या बाया मला पुसतात, तारा जुळवतात आणि पाळीपाळीने उभं राहून पहाऱ्याचा सराव करतात. मित्रांनो, मला सांभाळायचं असेल तर असं सांभाळा, हातात घेऊन.