सोयरिकीचा कोट

कॉलेजची फीमाफी मागायला निघालेल्या वच्छीचे पाय आनंदानं जमिनीवर ठरत नव्हते. पिशोरहून तिचे वडील, बद्रीनाथबापू, सोबत आले होते. सोयरीक जुळवताना घालायचा तो शेजाऱ्याचा कोट चढवून.

कॉलेजच्या कचेरीत फीमाफीचा अर्ज भरून घेताना साहेबांनी विचारलं, "घरचं कसं काय?"

बापू सवयीनं म्हणाले, "विहिरीला बारमाही पाणी, दारात चार बैल!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"बापू, हे पोरगी बघायला आलेले पाहुणे नायत!" वच्छी ओरडलीच.

बापूंनी जीभ चावली. घाईघाईनं कोट उतरवला, खालची फाटकी बंडी दाखवली; अन् थोरलीच्या लग्नात जिवापाड झाकलेलं ते अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं हसत सांगून टाकलं, "लिव्हा साहेब! आम्ही लई गरीब हाव!"