बिनदेठाचं फळ

एल्वुड रेबरच्या थोरल्या मुलीला, लोरेनला, चाळिशी उलटल्यावर जुळं झालं, ते १९८४ साल. जूनमध्ये बाप्तिस्म्याच्या जेवणाला सगळं गोत रेडिंग गावी एल्वुडच्या घरी जमलं होतं, आणि आजोबा दर दहा मिनिटांनी तळघरात जाऊन येत होते.

"खाली काय पुरून ठेवलंयस का?" चिकन-मक्याचं सूप वाढता वाढता त्याच्या बायकोनं, आर्लीननं विचारलं.

"तेल बघून आलो."

"तेल कुठं पळून जातंय? नातवंडं वर आहेत. लोक शंभर मैल गाडी हाकत त्यांना बघायला आलेत."

एल्वुडनं दोन्ही नातवंडांना आळीपाळीनं मांडीवर घेतलं आणि लोरेन पाणी आणायला वळल्याबरोबर पुन्हा जिना उतरला.

खाली बीटच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ऑलिव्हचं तेल होतं आणि तेलाच्या तळाशी एक नाणं. तांब्याचा जुना मोठा सेंट, १७९६ सालचा. वरच्या बाजूला कुणीतरी खिळ्यानं भोक पाडलं होतं, एक कड ठेचलेली होती, आणि शेतात शंभर-दीडशे वर्षं पडून अर्ध्या अंगावर हिरवी खपली धरली होती. मार्चमध्ये जुन्या बाजारात सिगारच्या खोक्यातून एल्वुडनं तो चार डॉलरला उचलला होता.

त्या काळची चांगली नाणी घेणारे लोक वेगळे. एल्वुडची छत्तीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. त्याला परवडायची ती भोकाची, वाकलेली, खरवडलेली नाणी. पुढं पुढं त्याला तीच आवडायला लागली. चांगलं नाणं पेटीत बसून राहिलेलं असतं. खराब झालेलं कुणाच्या तरी हातून गेलेलं असतं, असं तो म्हणायचा.

दुसरा असाच माणूस मर्विन बोयर, निवृत्त टपालवाला. दोघांची एक रीत होती. नाताळनंतरच्या शनिवारी मर्विनच्या जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरायचं आणि एकेका साच्यातून निघालेलं आपापलं नाणं समोरासमोर ठेवायचं. ज्याचं नाणं जास्त खराब, तो जिंकला. मात्र ते कोणत्या साच्याचं आहे हे भिंगातून दोघांनाही दिसलं पाहिजे. तेव्हा साचे हातानं कोरायचे, त्यामुळं नाण्याच्या पाठीवरच्या हारात एका साच्यातलं पान दुसऱ्या साच्यातल्या पानाशी जुळत नसे, आणि ओळख त्यावरूनच पटे. एकाला दिसलं आणि दुसऱ्याला नाही, तर नाणं बाद. त्यावर वाद नाही.

१७९६ च्या एका साच्यात कोरणारा माणूस पाठीवरच्या हारातल्या एका फळाला देठ काढायला विसरला होता. त्या साच्याचं नाणं मर्विन एकतीस वर्षं शोधत होता. बाकीच्या सगळ्या साच्यांची नाणी त्याच्याकडं झाली होती, तेवढाच राहिला होता.

आणि बरणीतल्या नाण्यावर खपलीच्या कडेला, नेमक्या त्याच जागी, एल्वुडला एक गोल टेंगूळ दिसलं होतं. देठाची जागा खपलीखाली होती. खपली निघाल्याशिवाय काही कळणार नव्हतं.

खपली कशी काढायची हेही मर्विननंच शिकवलेलं. वर्षभर तेलात ठेवायचं, महिन्याला तेल बदलायचं. मग गुलाबाचा काटा घ्यायचा, लोखंड नाही, आणि तोही खपली आपणहून हलायला लागली तरच.

एल्वुडनं ठरवलं होतं, कुणाला बोलायचं नाही. पुढच्या वर्षी नाताळनंतर कापडावर ठेवायचं आणि मर्विनचं तोंड बघायचं.

पण जुलैत मर्विनच्या मुलाचा, क्लेटनचा फोन आला. मूत्रपिंडं गेली होती. मर्विनला वृद्धाश्रमाच्या आजारी विभागात हलवलं होतं. "पानगळ बघतील असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणतात," क्लेटन म्हणाला.

त्या दिवसापासून एल्वुडला एका जागी बसवेना. कापलेलं गवत तो पुन्हा कापी. महिन्याला बदलायचं तेल आठवड्यात तीनदा बदली. मर्विनकडं जाई, खिडकीशी उभा राही, परत खुर्चीत बसे, परत उठे.

"काय रे, चड्डीत मुंग्या शिरल्यात का?" मर्विन म्हणाला.

"काही नाही."

"मग बस की. मरतोय मी आणि घाई तुला!"

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी दुपारी आर्लीन बाजारात गेली होती. एल्वुडनं अंगणातल्या गुलाबाचा एक जून काटा तोडला, नाण्यावरचं तेल टिपून घेतलं आणि दिव्याखाली भिंग लावून बसला. खपली हलत नव्हती. त्याला ते दिसत होतं. त्यानं काटा कडेखाली घातला, काढला, हात पुसले, पुन्हा घातला.

टचकन एक कपची उडाली.

खाली फळ नव्हतं. खाली खड्डा होता. तांबं केव्हाच कुजून खपली झालं होतं, आणि फळ त्या खपलीतच उरलं होतं. एल्वुडनं श्वास धरून कपचीवर भिंग नेलं. गोल फळ, शेजारी पानाचं टोक, आणि मध्ये काही नाही. देठ नव्हता. नक्की नव्हता. त्यानं चिमट्यानं कपची उचलली आणि तिची हिरवी पूड झाली.

आर्लीन परत आली तेव्हा तो तसाच बसला होता. "काय झालं? चेहरा का असा?"

"मी थांबलो नाही," तो म्हणाला.

"तू कधी थांबलायस?" ती म्हणाली; मग टेबलावरची पूड तिला दिसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मर्विनला सगळं सांगितलं आणि नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. मर्विननं उशीखालून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"खड्डा दिसतोय."

"तिथं होतं, मर्विन. बिनदेठाचं. मी बघितलं."

"तू बघितलंस. मी नाही."

"इतक्या वर्षांत मी तुला कधी खोटं सांगितलंय?"

"खोटं कोण म्हणतंय? दिसत नाही म्हणतोय. किती दिवस होतं तेलात?"

"पाच महिने."

"पाच! आणि मी काय शिकवलं होतं?"

"एक वर्ष."

"मग कुठली आग लागली होती तुला?"

एल्वुड बुटांकडं बघत राहिला. "मी थांबलो असतो रे. तूच थांबणार नव्हतास."

मर्विननं भिंग खाली ठेवलं. "कोण म्हणालं?"

"क्लेटन."

"क्लेटन! त्याला बापाच्या बुटाचा नंबर सांगता येत नाही, आणि बाप कधी जाणार ते सांगतोय." त्यानं पुन्हा नाणं उजेडाकडं धरलं, तिरकं केलं, फिरवलं. मर्विनला ते दिसावं असं फार वाटत होतं, हे एल्वुडला कळत होतं. तो नुसतं 'दिसतं' म्हणाला असता तर एकतीस वर्षांचा शोध संपला असता.

"बाद," मर्विन म्हणाला आणि नाणं एल्वुडच्या हातावर ठेवलं. मग एल्वुड दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाला, "उद्या आण परत. सकाळी इथं ऊन येतं."

एल्वुड दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. सकाळच्या उन्हातही खड्डाच दिसला. सप्टेंबरात मर्विनला आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून रक्त साफ करायला सुरुवात झाली. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी तो घरी आला. नाताळनंतरच्या शनिवारी त्यानं हिरवं कापड अंथरलं. १७९६ च्या त्या बिनदेठाच्या साच्याची पाळी आली तेव्हा दोघांनीही त्या जागी काही ठेवलं नाही. एल्वुड उठून खिडकीशी गेला, परत येऊन बसला, परत उठला.

मर्विन बोयर आणखी चार पानगळी बघून ११ एप्रिल १९८८ रोजी, सोमवारी सकाळी, आपल्या घरी वारला.