शिसवी मुठीचा चाकू

शनिवारी दुपारी मायाप्पा बाजारातून परतले ते भाजीची पिशवी तशीच बाजूला टाकून स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून बसले. शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची लेक प्रियदर्शनी, दोघंच राहत. ती कॉलेजात शिकवायची आणि वर्तमानपत्रात पुस्तकांवर लिहायची.

"काय आणलं अप्पा?"

"बघ की."

त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली, सावकाश सोडली आणि आतला चाकू फरशीवर ठेवला. हातात दिला नाही. चाकू थेट हातात दिला की भांडण लागतं.

"आदीच आपलं काय कमी वाजतं व्हय?" ते म्हणाले.

घडीचा चाकू होता, जुन्या घाटाचा. प्रियदर्शनीनं तो उचलला. मूठ शिसवीची, मधे किंचित फुगीर. बोटं आपोआप आपापल्या जागी बसली. दोन्ही टोकांना पितळ. नक्षी नाही, नाव मिरवणं नाही. पात्यावर नखापुरती खाच. तिनं नख लावून ओढलं तर पातं आधी अडून बसलं, मग अर्ध्यावर आल्यावर स्वतःच निघालं आणि टक्कन ताठ झालं. हलवून पाहिलं, तसूभर डुगडुगलं नाही. खिडकीच्या उजेडात धारेची रेघ मुळापासून टोकापर्यंत एकसारखी दिसली. तिला उत्तम वाक्य आठवावं तसं झालं. एक शब्द काढायला जागा नाही.

"गंजंल बरं का," मायाप्पा म्हणाले. "चकाकतं स्टील मुद्दाम न्हाय घेतलं. ह्याला रोज पुसायचं, तेलाचं बोट लावायचं. मग बघ कशी धार धरतुया."

"मेंढरं तर कवाच इकली. आता काय कापणार? माझी भेंडी?"

"भेंडीबी कापीन. चाकूबिगर खिसा लई हलका लागत व्हता गं."

मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसा हाय?"

"बरा हाय की," ती म्हणाली.

मायाप्पांचं समाधान झालं. त्यांच्या घरात याहून वरचा शब्दच नव्हता. उमद्या कोकराला उमदं म्हटलं की दृष्ट लागते, हे कळपामागं हिंडणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. मेंढरांच्या वाड्यातला सगळ्यात देखणा मेंढा कायम 'बरा'च असायचा. प्रियदर्शनी विद्यापीठात पहिली आली तेव्हाही मायाप्पा "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि संध्याकाळी तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरून त्यांनी चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, तेवढंच कौतुक. लेकही त्याच वळणाची निघाली. जन्मात न पाहिलेल्या लेखकांची तिनं पानंच्या पानं भरून वाखाणणी केली, बापाविषयी कुणी विचारलं तर "बरे आहेत."

त्या दुपारी मायाप्पांनी नव्या चाकूनं पेरू चिरला. करकर नाही, दाब नाही. पातं नुसतं टेकवलं आणि फोडी वेगळ्या झाल्या. दोघं फोडी खात बसली. "मीठ दे की," ते म्हणाले. तिनं दिलं.

दुसऱ्या दिवशी मायाप्पा झोपेतून उठलेच नाहीत.

माणसं आली, गेली. प्रियदर्शनी कुणापुढं रडली नाही. तिच्या मनात एकच रुतून बसलं होतं: त्या दुपारी शब्द ओठांवर आला होता. चाकूविषयी आणि चाकूपेक्षा मोठा. तो तिनं सवयीनं गिळला. अप्पांना न सांगता कळलं असेल, असं ती स्वतःला समजावून बघे, आणि ते काही पटत नसे. रोज संध्याकाळी ती चाकू उघडून पुसायची, तेल लावायची. रोज तो तिला आदल्या दिवसापेक्षा अधिक आवडायचा, आणि मग बोलायला कुणी नसायचं.

दहावा झाल्यावर दुधनी गावाकडून धुळाप्पा पुन्हा आले, मायाप्पांचे धाकटे भाऊ. चहा घेताना त्यांना फळीवरचा चाकू दिसला. त्यांनी तो उघडला, अंगठा धारेवरून आडवा फिरवला, मिटला, पुन्हा उघडला. म्हाताऱ्याचे डोळे लकाकले.

"बरा हाय," ते म्हणाले. "तू काय करणार ह्याचं? पुस्तकाची पानं कापशील? मला दे. शेरडांच्या कामाला येईल."

"न्हाय देणार, तात्या."

"आगं, हितं गंजून जाईल त्यो."

"मी गंजू देत न्हाय. आन् त्यो बरा न्हाय. लई देखणा हाय."

धुळाप्पा दचकले. चाकू पटकन खाली ठेवत म्हणाले, "हळू गं पोरी! दृष्ट लागंल की."

"आता कुणाला लागायची?"

प्रियदर्शनी खाली बसली. तिचा आवाज चढला नव्हता, पण आता ती तात्यांशी बोलत नव्हती.

"अप्पा," ती म्हणाली, "दुकानातले किती चाकू उघडून, मिटून, परत करून तुमी हा निवडला असंल, त्ये मला दिसतंय. तुमच्यासारखी पारख मी कुणात बघितली न्हाय. मी पुस्तक हातात घेते ना, तवा तुमी कोकरू बघायचा तसंच बघते. मुळापासून टोकापातूर. त्ये मी कॉलेजात न्हाय शिकले. तुमच्याकडं बघून शिकले." ती थांबली. "तुमी नुसतं बरं नव्हता अप्पा. तुमी लई मोठं व्हता."