रिठीतली घेटुळी

सिंधूताईंकडे झाडपाल्याचं औषध मागायला येणाऱ्याला आधी शिव्या मिळत, मग चहा, आणि औषध मिळालं तर मिळालं. नीला सख्खी भाची, म्हणून तिच्या वाट्याला शिव्या दुप्पट आल्या.

"पंधरा दिवस झाले त्याले पडून, न् आता येऊन राहिली? काहून, पाय मोडले होते का वं?"

नीलाचा नवरा ओमप्रकाश नागपूरला गांधीबागेतल्या एका पेढीवर कापडाचे तागे मोजायचा. काविळीनं तो अंथरुणाला खिळला होता. डोळे पिवळेधमक, अंगात ताप, पोट फुगलेलं, पायावर बोट दाबलं तर खड्डा बराच वेळ तसाच राही. डॉक्टरांनी तोंडानं काही सांगितलं नव्हतं, पण 'घरी न्या' म्हणाले होते, आणि त्याचा अर्थ न कळण्याइतकी नीला दूधखुळी नव्हती. त्याला सासूच्या, इंदूबाईंच्या, हवाली करून ती कळमेश्वरची एस.टी. पकडून, पुढे तीन मैल चिखल तुडवत मावशीच्या गावी आली होती. एकाहत्तर सालचा भाद्रपद होता. नऊ वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, आईबाप गेलेले. तो वाचला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. बाकी कशाचीही तिला पर्वा नव्हती.

"मी मुळी देऊन चालत नाई," मावशी म्हणाली. "ज्याचा माणूस, त्यानंच काढा लागते. आधी वळख करून घे तिची."

घेटुळी काही हिमालयातली नव्हे. वैद्य तिला पुनर्नवा म्हणतात आणि बाकीचं जग तिला तुडवत जातं. जमिनीला चिकटून पसरणारी, तांबूस देठाची, पाऊस पडला की बांधावर, रस्त्याकडेला कुठेही उगवते. पण तिच्यासारखाच दिसणारा खापरा तिच्या शेजारीच वाढतो, आणि शहरात राहून नीलाची नजर बिघडली होती. पहिल्या दिवशी तिनं ओटीभर खापराच खुडून आणला. मावशीनं तो तिच्यासमोर शेळीला घातला.

"फूल पाय. खापराचं फूल देठाच्या खोबणीत दडून बसते. हिचं बारीक गुलाबी फूल वर दांडीवर येते. पान उलटं कर, खालून फिक्कट पायजे. न् डोळे मिटून हात फिरव. डोळे फसतात बाई, बोटं नाई फसत."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नीला डोळे मिटून घेटुळी ओळखू लागली. तेव्हा मावशी तिला रिठीत घेऊन गेली.

रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. कधीकाळी महामारीत तिथली माणसं संपली, उरलेली निघून गेली. आता नुसते मातीचे उंचवटे, कमरेएवढ्या भिंती आणि एक बुजलेली विहीर. गावातली गुरंसुद्धा तिकडे चरत नसत, आणि गवत तर छातीएवढं. तिथली घेटुळी जुनी. उन्हाळ्यात वरून मरायची, पावसात त्याच मुळीतून उठायची, असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. अशी फक्त दोन झाडं मावशीला ठाऊक होती.

"आज दिवेलागणीले तिले आवतण द्याचं. हळदीचे तांदूळ टाकाचे, सुपारी ठेवाची, न् ज्याच्यासाठी तिनं उठाचं त्याचं नाव सांगाचं. चांगलं मोठ्यानं. सकाळी उजाडताना येऊन वेळूच्या खुंटीनं काढाची, लोखंड लावाचं नाई. अन् मांगं पाहाचं नाई, काई झालं तरी."

आवतण देताना दुसऱ्या कोणी जवळ असायचं नाही, म्हणून मावशी बांधापलीकडे थांबली. नीलानं तांदूळ टाकले, सुपारी ठेवली, तोंड उघडलं आणि जीभ टाळ्याला चिकटली.

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात उखाण्यात, तेही मान खाली घालून. नऊ वर्षं 'अहो', 'हे', 'इकडे'. पोस्टमननं विचारलं तरी ती शेजारच्या पोराला पुढे करायची. इथं ऐकायला चिटपाखरू नव्हतं, तरी ओठ हलेनात. नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी होतं असं सासू म्हणायची, आणि आता तर आयुष्याचाच प्रश्न होता. शेवटी ती पुटपुटली, "माझ्या माणसासाठी ये गं बाई." आणि मावशीला म्हणाली, "सांगितलं."

सकाळी दोघी गेल्या तेव्हा झाड नव्हतं.

जागेवर कोपरभर खोल खड्डा होता. खुंटीनं केलेला नव्हे, कुदळीचा तर नाहीच. कडेच्या ओल्या मातीत चार-चार बोटांचे ओरखडे स्पष्ट उठले होते. सुपारी गायब होती. रात्री पाऊस नव्हता, चिखल लोण्यासारखा मऊ होता, आणि त्यात नीलाच्या कालच्या पावलांखेरीज एकही पाऊल नव्हतं.

मावशीनं खड्ड्याकडे पाहिलं, मग भाचीकडे. "नाव घेतलं होतं ना?"

नीला रडायला लागली आणि तेवढ्यानंच सगळं कळलं. या खेपेला मावशीनं शिव्या दिल्या नाहीत.

"बिननावाचं आवतण इथं कोनीबी घेते वं," मावशी हळूच म्हणाली. "आता एकच झाड राहिलं. नाव घेशीन तर ये. नाई तं नागपूरले जाय न् त्याच्या उशाशी बस."

नीला दिवसभर जेवली नाही. चुलीपुढे बसून ती ते नाव मनातल्या मनात घोकत राहिली, शाळेतल्या पोरीनं कविता घोकावी तसं. तिन्हीसांजेला ती रिठीत दुसऱ्या झाडापाशी बसली. ते एका भिंतीच्या आतल्या अंगाला होतं, म्हणजे कोणाच्या तरी घरातच. तांदूळ टाकले. सुपारी ठेवली.

"ओमप्रकाश," ती म्हणाली. आवाज फुटला नाही.

"ओमप्रकाशसाठी ये." या वेळी शब्द भिंतीवर आपटून परत आला. कसं चांगलं वाटलं तिला! नऊ वर्षं छातीत अडकलेलं काहीतरी सुटलं. लाज गेली, भीती गेली. तिनं सगळा जीव गोळा करून हाक मारली, "ओमप्रकाऽश!"

"ओऽ."

मागून आली ती ओ. भिंतीपलीकडून, फार तर दहा पावलांवरून. पेढीवरून दमून आल्यावर आईच्या हाकेला तो देई तशीच, शेवटी जराशी वैतागलेली. ओरडावं, धावावं, वळून त्याला मिठी मारावी, सगळं नीलाला एकदम वाटलं. तिनं दोन्ही मुठींत गवत धरून ठेवलं आणि मागं पाहिलं नाही. गवतात पावलं वाजली, जवळ आली, थांबली. मग काहीच वाजलं नाही.

"ऐकलंस?" बांधावर येऊन तिनं मावशीला विचारलं.

"काईच नाई," मावशी प्रश्न पुरता होण्याआधीच म्हणाली आणि भराभर चालू लागली.

सकाळी झाड जागेवर होतं. मुळी अंगठ्याएवढी जाड निघाली, न तुटता, जणू कोणी खालून हलकेच वर ढकलत होतं.

नागपूरला दारातच इंदूबाईंनी तिला गाठलं. "अवं, काल दिवेलागणीले झोपेतून ताडकन उठून बसला न् ओ म्हनला! म्या इचारलं, कोनं हाक मारली रे? तं म्हने, दारात हायेत, जाऊन येतो. न् लगेच आडवा झाला. तवापासून ताप नाई बाई."

काढा सुरू झाला. आठवड्यात सूज उतरली, तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले आणि दिवाळीच्या आधी ओमप्रकाश पुन्हा पेढीवर तागे मोजू लागला. गल्लीत नीलाचं कौतुक झालं. कौतुक ऐकताना तिला खरोखर धन्य वाटे. तो भाजीला मीठ कमी म्हणून कुरकुरला तरी तिला आनंदानं रडू येई.

मग इंदूबाई म्हणाल्या, पोरगा हाकेला ओ देत नाही. पेढीवरचे चंपतरावही म्हणाले, चार हाका मारल्या तरी मान वर करत नाही. कान तपासले, कान ठणठणीत होते. 'अहो' म्हटलं की तो वळे. 'अरे' म्हटलं तरी वळे. गल्लीच्या टोकाला कुल्फीवाल्याची घंटा वाजली तर ती सगळ्यांच्या आधी त्यालाच ऐकू येई.

एका संध्याकाळी सासू कीर्तनाला गेली होती. तो पाठमोरा बसून जेवत होता. नीला चुलीपासून उठली, त्याच्या मागं दहा पावलांवर जाऊन उभी राहिली आणि पदर घट्ट धरून म्हणाली, "ओमप्रकाश."

तो भाकरी मोडत राहिला.

"ओमप्रकाश!"

आता त्यानं मान वळवली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, मग पुन्हा तिच्याकडे. चेहऱ्यावर थट्टा नव्हती, नुसतं कुतूहल होतं.

"कोनाले हाक मारून राहिली वं?" त्यानं विचारलं. "कोनी येनार हाये का?"

रिठीतली ती ओ आठवून नीलानं जाऊन दाराला कडी घातली. परत येऊन त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली.

"कोनी नाई," ती म्हणाली. "जेवा तुमी."