न बोलावलेली जोडी

ओर्फेलियोने काठी उंचावली, "ओढा!" म्हणून ओरडला, आणि बैलांच्या सगळ्या जोड्या एकदम पुढे झुकल्या. साखळ्या ताणल्या. घर कुरकुरलं, त्याचं पुढचं टोक वीतभर उचललं गेलं आणि पुन्हा होतं तिथेच बसलं. खालचा ओंडका ओल्या मातीत आणखी थोडा रुतला.

"थांबा! थांबा रे, साखळी तोडाल!"

एदुविना चढाच्या माथ्यावर, जेवण शिजवायच्या तापलेल्या दगडांच्या खड्ड्यापाशी उभी होती. बटाट्याच्या किसाची परात तिच्या हातात तशीच राहिली. मिंगा, म्हणजे गावाने मिळून घर हलवायचं काम, असली की घरमालकिणीने घराला हात लावायचा नसतो; घर गावाने ओढायचं आणि तिने गावाला जेवू घालायचं. पण सकाळपासून तिचं लक्ष स्वयंपाकात नव्हतं. काचा काढलेल्या खिडक्या, आतून आडवेतिडवे ठोकलेले वासे, धुराड्याच्या जागी नुसतं भोक. जन्मभर ज्या घरात राहिली ते असं उघड्यावर, चढाच्या मध्यावर अडकलेलं बघून तिला लाज वाटत होती.

खाली, घराची जुनी जागा दिसत होती. तिच्या पुढ्यातच कडा आणि कड्याखाली समुद्र. आदल्या हिवाळ्यात समुद्राने कुंपण नेलं होतं, गेल्या हिवाळ्यात कोंबड्यांचं खुराडं. आता पाळी स्वयंपाकघराची होती, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मोठ्या शहरातून मुलाचा फोन यायचा, आई, सोड ते, इकडे ये, फ्लॅटमध्ये हीटर आहे. "हीटरवर मटण कोण भाजतं?" म्हणून तिने फोन ठेवला होता. तिचं ठरलं होतं. ती कुठेही जाणार नव्हती. घरच वर येणार होतं.

तर घर वर आणायचं म्हणजे माणसं हवीत, बैल हवेत. आमच्या बेटावर ती पैसे टाकून मिळत नाहीत. दारोदार जावं लागतं, उंबऱ्याबाहेर उभं राहून नीट शब्दांत विचारावं लागतं: माझं घर हलवायचंय, येशील का? विचारलं की कोणी नाही म्हणत नाही. न विचारता कोणी येत नाही. एदुविना ठेवणीतली काळी शाल पांघरून चिखल तुडवत घरोघर फिरली होती. ज्याच्याकडे बैल नव्हते, त्याच्याकडेही गेली. गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या नोल्फाकडेही गेली, आणि "मी काय ओढणार गं, माझं मलाच ओढवत नाही," असं म्हणत ती आज बटाटे सोलणाऱ्या बायकांवर देखरेख करायला हजर होती.

एक दार तेवढं एदुविनाने वगळलं होतं.

ओर्फेलियो घाम पुसत वर आला. घरं हलवण्यात त्याची हयात गेली होती. तो आधी दगडांकडे बघत राहिला, मग आभाळाकडे.

"काकू, एक जोडी कमी पडतेय."

"पोरांना म्हणावं, मागून लावा की जोर."

"मागून जोर लावणाऱ्याच्या अंगावरच घर यायचं उद्या. पाऊस आला की हा चढ म्हणजे नुसता साबण. ओंडके सुटले तर घर खाली जाईल, आणि खाली गेलं तर कड्यापाशी थांबेल याची खात्री मी देणार नाही."

"मग आण जोडी."

"कोणाची आणू? गावातली सगळी इथे आहेत."

सगळी नव्हती. हे त्यालाही माहीत होतं, तिलाही आणि साखळीशी उगीच खटपट करणाऱ्या झाडून सगळ्या गड्यांना. पलीकडच्या कुंपणामागे, पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांवरून एक टोपी दिसत होती. एदुविनाचा सख्खा मोठा भाऊ, रोसामेल. त्याच्यासारखे बैल आसपासच्या कुठल्याच बेटावर नव्हते.

"सकाळपासून उभा आहे," एदुविना म्हणाली. "तमाशा बघतोय फुकटचा."

नोल्फा बटाटा सोलत म्हणाली, "तिकीट लावायचं होतंस."

कोणी हसलं नाही.

लिंदोर, एदुविनाचा नवरा, जिवंत होता तेव्हाची गोष्ट. रोसामेलला धान्याचं कोठार रस्त्याकडे न्यायचं होतं. तोही असाच सगळ्या गावात फिरला, आणि बहिणीच्या दारावरून न थांबता पुढे गेला. त्या दिवशी लिंदोरने पहाटे बैल जुंपले आणि आपल्या फाटकापाशी उभा राहिला. समोर माळावर कोठार हलत होतं, माणसं ओरडत होती. तो हलला नाही. अंधार पडल्यावर त्याने बैल सोडले, हातपाय धुतले आणि न जेवता झोपला. पुढे कोणीतरी सांगितलंच. मेव्हण्याला नाही का बोलावलंस, असं विचारल्यावर रोसामेल म्हणाला होता, "आपल्या माणसाला काय बोलवायचं?"

हे वाक्य एदुविनाच्या काळजात जाऊन बसलं. परक्यांना टोपी काढून विनवण्या, आणि आपल्या माणसाची ही किंमत? आयुष्यभर दादा म्हटलं त्या माणसाशी तिने बोलणं टाकलं. लिंदोर गेला तेव्हा रोसामेल आला होता, शवपेटीला खांदाही दिला. मयताला बोलावणं लागत नाही. तिने मान वर करून पाहिलं नव्हतं.

"मी जाऊ का विचारायला?" ओर्फेलियो हळूच म्हणाला.

"घर तुझं आहे का?"

"नाही."

"मग?"

तिने परात नोल्फाच्या पुढ्यात ठेवली, एप्रन सोडला. झुडपावर वाळत घातल्यासारखी टाकलेली काळी शाल उचलली, झटकली आणि नीट पांघरली. साऱ्या गड्यांनी एकाच वेळी दुसरीकडे पाहिलं. त्या चढावर तेवढं सौजन्य होतं.

चालताना ती मनाशी शब्द जुळवत होती. बैलांपुरतं बोलायचं. घर वर गेलं पाहिजे, एवढंच. अपमान गिळायला लागला तरी चालेल, घर समुद्राला द्यायचं नाही. झुडपांना वळसा घालून ती कुंपणापाशी आली आणि थांबली.

बैल जुंपलेले होते. शिंगांना जू चामड्याच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेलं, साखळी जमिनीवर तयार. पायांखालचं गवत तोंड पोचेल तेवढं सगळं खाऊन झालेलं. मागे शेणाचे पो पडले होते, ताजे आणि त्यांच्या शेजारी साय धरलेले, पहाटेचे.

रोसामेलने टोपी काढली.

"रोसामेल," ती म्हणाली. दादा म्हणायची तिची तयारी नव्हती. मग जे प्रत्येक दाराशी बोलली होती ते, एकही शब्द न गाळता, बोलली. "माझं घर हलवायचंय. माणसं आणि बैल कमी पडताहेत. तुझी जोडी घेऊन येशील का?"

"येईन."

पण तो जागचा हलला नाही. टोपी हातात फिरवत राहिला.

"लिंदोर त्या दिवशी कधीपर्यंत उभा होता गं?"

"अंधार पडेपर्यंत."

"हं." त्याने बैलाच्या मानेवर हात ठेवला. "मी दिवसभर तुमच्या फाटकाकडे बघत होतो. म्हटलं, येईल आता, येईल आता. कसला माज आहे मेव्हण्याला, असंही म्हटलं मनात." मग जरा थांबून, "आज पहाटे हे जुंपले आणि उभा राहिलो. पाय मोडले माझे. आणि मला तर दुपारपर्यंतच उभं राहावं लागलं."

एदुविनाने शाल गळ्याशी घट्ट धरली.

"मी बैलांसाठी आलेय. दुसरं काही मनात आणू नकोस."

"नाही आणत."

"चल मग. ढग आलेत."

रोसामेलची जोडी सगळ्यात पुढे लागली. ओर्फेलियोने ओंडक्याखाली फळ्या सारल्या, साखळ्या पुन्हा तपासल्या आणि एकेका जोडीवाल्याकडे बघून घेतलं. रोसामेल बैलांच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटला. काठी वर गेली. घर आधी करकरलं, मग थरथरलं, आणि मातीने मोठा आवाज करून त्याला सोडलं. बायका हातातली कामं टाकून उभ्या राहिल्या. नोल्फा गुडघे विसरून ओरडत होती, "ओढा रे मेल्यांनो, ओढा! थांबाल तर जेवायला घालणार नाही!" मध्ये एकदा डावीकडचा ओंडका सरकला आणि घर कलंडलं, रोसामेलने बैल आडवे वळवून ते तोलून धरलं, पोरांनी धावत जाऊन दगड लावले. मग पुन्हा काठी, पुन्हा आरोळी. पावसाचे थेंब पडायला लागले तेव्हा घर माथ्यावर, सपाट जमिनीवर होतं.

एदुविनाने घराच्या लाकडी भिंतीला तळहात लावला. आता लावायला हरकत नव्हती. तिला रडू आलं आणि तिने ते पावसात खपवलं.

मग जेवणाची गडबड उडाली. ताडपत्री ताणली गेली. खड्ड्यावरची हिरवळीची ढेकळं काढली, छत्रीएवढी पानं उलटली, आणि वाफेचा लोट उठला. खाली शिंपले, धुरावलेलं डुकराचं मांस, बटाटे, किसाच्या थापलेल्या वड्या. सफरचंदाच्या दारूची बरणी फिरायला लागली. पोरं आधी बोटं भाजून घ्यायला पुढे, गडी मागून. एदुविना ताटं भरत होती. ओर्फेलियोला मोठा तुकडा, त्याच्या मुलाला दोन वड्या जास्त. मीठ कमी पडलंय की काय या विचारात ती होती.

नोल्फाने तिला कोपराने ढोसलं. "तुझा भाऊ निघाला बघ बैल घेऊन. त्याला जेवायला थांबवलंस का?"

एदुविना शिंपले ताटात ओतत म्हणाली, "आता आपल्या माणसाला काय बोलवायचं?"

बोलली आणि तिचा हात थांबला.

नोल्फाने काही ऐकलंच नसल्यासारखं बरणीचं झाकण घट्ट करायला घेतलं. आसपासच्यांचं लक्ष ताटात होतं. त्या शब्दांत काहीच नव्हतं. ना तोरा, ना हिणवणं. मिठाचा विचार करता करता ते सहज तोंडातून गेले होते. इतकी वर्षं ते वाक्य रोसामेलच्या आवाजात तिने रोज ऐकलं होतं. कधी कुचकट, कधी हसत, कधी मान उडवून. ते असंही म्हणता येतं, हे तिला सुचलं नव्हतं.

ताडपत्रीपलीकडे रोसामेल बैलांना हाकत कुंपणाकडे उतरत होता. फार लांब गेला नव्हता. एक हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती.

एदुविनाने डाव खाली ठेवला. हात पुसले. ओली काळी शाल पुन्हा खांद्यावर घेतली आणि पावसात, घसरत, चिखल तुडवत थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "माझ्याकडे आज जेवण आहे. येशील का?"

रोसामेलने भिजलेली टोपी काढली.