सुगंधाची पाठराखीण

जानकीच्या दगडूला अख्खं मालाड ओळखायचं असं म्हटलं तर ती फुशारकी होईल. पण मार्वे रोडला लागून असलेल्या त्या वाडीत त्याला ओळखत नव्हतं असं एकही मांजर नव्हतं, हे मात्र अगदी खरं. चैत्र लागला की जानकी अंगणात चटया अंथरायची आणि मढच्या कोळणींकडून घेतलेली मासळी मीठ लावून उन्हात टाकायची. पावसाळ्याची बेगमी ती. मालवण सुटलं तरी ही सवय काही सुटली नव्हती. तिचा हा कुत्रा चटईच्या कडेला बसायचा. भिंतीवर मांजराचं शेपूट दिसलं रे दिसलं की जानकी म्हणायची, "छू!" पुढचं सगळं दगडू बघायचा. मांजर पळवून परत आला की जानकीच्या हातून त्याला बांगड्याचं एक डोकं मिळायचं. शेजारणींची सुकट हमखास चोरीला जायची, पण जानकीच्या चटईवरचं एक सुंगट, म्हणजे साधी कोळंबीसुद्धा, कधी हललं नाही. याचा तिला कोण तोरा. नळावर पाणी भरताना तिच्या तोंडी दुसरा विषयच नसायचा.

त्या वर्षी वैशाखात तिच्या बाळाचं लग्न झालं. बाळा एकुलता एक. मुलगी घाटकोपरची, नाव सुगंधा. आई लहानपणीच गेलेली, बहीण नाही, मावशी नाही. मधुकररावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, एकट्यानं वाढवलेली. आता नवी नवरी सासरी येते तेव्हा सोबतीला माहेरचं एखादं बाईमाणूस चार दिवस राहायला येतं, पाठराखीण म्हणून. हिच्याबरोबर येणार कोण? वरात दारात आली, उंबरठ्यावरचं माप सांडून झालं, आणि नवरीनं शालूच्या पदराखालून एक वेताची टोपली पुढे केली. आत पांढरीशुभ्र मांजर.

"ही चंपी," सुगंधा खालमानेनं म्हणाली. "माझी पाठराखीण."

बायका हसल्या. जानकीलाही हसू आलं. दगडूला आलं नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत टोपली उपडी, चंपी थेट कौलांखालच्या वाशावर, आणि खाली दगडूनं भुंकून घर डोक्यावर घेतलेलं.

चंपी खाली यायचं नाव घेईना. सुगंधा स्टुलावर चढून तिला वर दूध द्यायची, आणि स्वतः मात्र दोन घास खाऊन उठायची. बोलणंही तितकंच. घरात सासू-सासरे मालवणीत बोलायचे, ही आपल्या घाटकोपरच्या भाषेत हो-नाही करायची. सासूला हाक मारायची वेळ आली तर "अहो, ऐकलंत का" एवढंच. जानकीला ते फार लागायचं. आई नसलेली पोर, आपण तिची आई व्हायचं असं तिनं मनात धरलं होतं, आणि पोर तर पाहुण्यासारखी वावरत होती.

एकदा जेवताना जानकीचा नवरा लवू म्हणाला, "कुत्र्याक मढाक नेऊन सोडूया. कोळ्यांका राखणीक व्हयोच असता."

"त्यापेक्षा चंपीलाच घाटकोपरला पाठवू," बाळा म्हणाला. "सासरे हिला माहेरी न्यायला येतील, तेव्हा त्यांच्याबरोबर देऊ टोपली."

"चालेल," सुगंधा म्हणाली. चालणार नव्हतं हे तिच्या आवाजावरून भिंतीलाही कळलं असतं.

जानकीनं हातातली पळी खाली आपटली. "कोण खंय जावचा नाय. माझो कुत्रो पण नाय, आणि सुनेची पाठराखीण पण नाय. पाठराखणीक हाकलून दिली म्हणून उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतले."

बोलून तर बसली. आता करायचं काय? चार लोक करतात तेच तिनं केलं. दगडूला अंगणातल्या शेवग्याला बांधलं, आणि वाशाकडे बघून भुंकला की केरसुणीचा फटका. दगडूनं फटके खाल्ले, जेवण टाकलं, पण भुंकणं सोडलं नाही. उलट वाढलंच. जानकी रडकुंडीला आली. इतक्या वर्षांत त्या कुत्र्यावर तिनं हात उगारला नव्हता.

एका दुपारी असाच फटका बसल्यावर दगडू पोट जमिनीला घासत तिच्यापाशी आला आणि तिचा तळहात हुंगू लागला. एक हात हुंगून झाला, मग दुसरा. जानकीला आधी कळेना. कळलं तेव्हा केरसुणी तिच्या हातातून गळून पडली. तो बांगड्याचं डोकं मागत होता. मांजर दिसलं, त्यानं आपलं काम चोख केलं, मग खाऊ कुठे?

"तुका मीच शिकवलंय रे," ती त्याच्या गळ्यात हात घालून म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत बसली.

पण जानकी रडत बसणाऱ्यांतली नव्हती. जे भुंकण्याला मिळत होतं ते आता गप्प बसण्याला मिळणार, असं तिनं ठरवून टाकलं. संध्याकाळी सुगंधानं चंपीला वाशावरून उतरवून टोपलीत घातलं, आणि जानकीनं सुनेला टोपली मांडीवर देऊन ओटीवर बसवलं, टोपलीवर फडकं. दगडू दोरीनं बांधून लांब, कुंपणापाशी. तो उठायला लागला की जानकी म्हणायची, "गप रव." गप्प राहिला की मासळीचा तुकडा. भुंकला की पाठ फिरवायची, तुकडा नाही आणि केरसुणीही नाही. दगडूला वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण खाण्याचा हिशेब कुत्र्याला लवकर कळतो. हळूहळू कुंपण ते शेवगा, शेवगा ते पायरी असा तो जवळ येत गेला. टोपलीवरचं फडकंही निघालं.

"आता तू घाल तेका," जानकी सुनेला म्हणाली. "मांजर तुझा, तर कुत्र्यान तुझो शब्द ऐकूक व्हयो."

सुगंधानं घाबरत घाबरत तुकडा शेपटीकडून धरला. "दगडू, शांत बस हं," ती म्हणाली. दगडूनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"तेका तुझी भाषा कळना नाय. गप रव म्हण."

सुगंधा लाजली. ओठ हलले, पण शब्द काही बाहेर आला नाही. रोज तेच व्हायचं. सासू बोलायची, सून भरवायची. जानकीनं कधी बळजबरी केली नाही, पण मनात कुठेतरी खट्टू व्हायची.

ज्येष्ठात आभाळ भरून यायला लागलं तेव्हा मधुकरराव मुलीला न्यायला आले. हातात आंब्यांची करंडी. बाळानं त्यांच्या कानावर सगळं घातलेलंच होतं. टेकताच म्हणाले, "विहीणबाई, टोपली द्या. मांजर मी घेऊन जातो. उगाच तुमच्या घरात कटकट नको."

ऊन पडलं होतं म्हणून जानकीनं शेवटचे बांगडे चटईवर टाकले होते, आणि राखणीला दगडू मोकळा होता. ती चहाचे कप घेऊन ओटीवर आली, आणि बघते तर चंपी शेपूट उभारून पायऱ्या उतरतेय. उतरली ती सरळ चटईवर गेली आणि तिनं एक बांगडा उचलला. तोही दगडूच्या नाकासमोर.

दगडू ताडकन उठला. मानेवरचे केस उभे, घशात गुरगुर. जानकीच्या दोन्ही हातांत कप, आणि जिभेवर नेमका नको तो शब्द. मासा चोरताना मांजर बघितलं की आयुष्यभर जो तोंडातून निघाला तोच. तिनं ओठ घट्ट मिटले. आता गेलं सगळं, असंच तिला वाटलं.

"दगडू, गप रव."

आवाज मागून, दारातून आला. स्वच्छ, खणखणीत, थेट मालवणच्या बाईसारखा.

दगडूनं मान वळवून सुगंधाकडे पाहिलं. मग चंपीकडे. पुन्हा सुगंधाकडे. आणि बसला. सगळं अंग थरथरत होतं बिचाऱ्याचं, तोंडाला लाळ सुटली होती, पण बसला. चंपीनं त्याच्या पंजाशेजारी बसून सावकाश, काटा न काटा वेगळा करून बांगडा संपवला. सुगंधा खाली उतरली, चटईवरचा सर्वांत मोठा बांगडा उचलून तिनं आपल्या हातानं दगडूला भरवला. नुसतं डोकं नाही, अख्खा.

मधुकरराव बघतच राहिले. "सुगे, हे कुठलं गं बोलणं?"

"आमच्याकडचं," सुगंधा म्हणाली. मग सासूकडे वळली. "आई, मी घाटकोपरला जाऊन येईपर्यंत चंपी इथेच राहू दे. दगडू आहे ना."

जानकीनं कप ओटीवर ठेवले. तिला रडूही येत होतं आणि सगळ्या वाडीला ओरडून सांगावंसंही वाटत होतं. मधुकरराव रिकामी टोपली घेऊन मुलीबरोबर निघाले.

दुसऱ्या दिवशी नळावर जानकीची बडबड नेहमीसारखीच सुरू झाली. फक्त त्या दिवशी सुरुवात "माझो दगडू" अशी नव्हती. "माझी सून," ती म्हणाली, कळशी नळाखाली लावली, आणि कळशी भरून वाहू लागली तरी तिचं सांगून संपलं नव्हतं.